अर्ध्या टक्क्याची दारूबंदी

अमेरिकेच्या राज्यघटनेत आजवर २७ दुरुस्त्या झाल्या. त्यांतली एकच पुढे आणखी एका दुरुस्तीने मुळासकट उपटली गेली. अठरावीने देशभर दारूबंदी आणली, एकविसावीने ती घालवली, आणि या दोन्हींच्या मधे गेली जेमतेम चौदा वर्षं. तिथे घटना बदलणं सोपं नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात आणि वर तीन-चतुर्थांश राज्यांची मंजुरी. त्या काळी राज्यं ४८, म्हणजे ३६ जणांचा होकार हवा. तेरा राज्यं अडून बसली की दुरुस्ती बारगळली. एवढ्या अरुंद दारातून ही बंदी आत शिरली कशी, आणि त्याच दारातून तिला बाहेर काढलं कुणी, हे या प्रकरणातलं कोडं आहे.

हा काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शिकागो, फेल्ट हॅट आणि गुंडांच्या टोळीचा म्होरक्या अल कपोन येतो. कपोनला मी पुढे दोन ओळींत आटोपणार आहे. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो एक आकडा: ०.५.

गुत्ता

सलून म्हटलं की आपल्याकडे केस कापायचं दुकान. तिकडचं सलून म्हणजे गुत्ता. इसवी सन १९०० च्या आसपास अमेरिकेत असे सुमारे ३ लाख गुत्ते होते, आणि त्यांतले कितीतरी गुत्तेवाल्याच्या मालकीचे नव्हतेच. बिअरची कंपनी जागेचं भाडं भरायची, परवान्याचे पैसे द्यायची, लाकडी काउंटर आणि मागचा मोठा आरसाही तीच बसवून द्यायची. अट एकच: आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाची बिअर ठेवायची नाही. चौकात चार कंपन्या उतरल्या की चौकात चार गुत्ते. दुपारी काउंटरवर फुकट जेवण मांडलेलं असायचं. त्यात खारवलेलं मांस, लोणच्यातल्या काकड्या, खारट मासे असे तहान लावणारेच पदार्थ जास्त. कारखान्यातून पगाराचा चेक घेऊन निघालेला मजूर तो वटवायलाही तिथेच जायचा. चेक वटवून कोरड्या घशाने परत येणारा विरळा.

दारूविरोध हा काही धार्मिक मंडळींनी उभा केलेला बागुलबुवा नव्हता. १८३० च्या सुमारास प्रौढ अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी सात गॅलन शुद्ध अल्कोहोल रिचवत होता, म्हणजे सव्वीस लिटरच्या वर. पुढच्या काळात ते प्रमाण बरंच खाली आलं, पण नवऱ्याने पगार गुत्त्यात उधळला तर बायकोला ना मत, ना फारसा कायद्याचा आधार. डिसेंबर १८७३ मध्ये ओहायोतल्या हिल्सबरो गावात डायो लुईस नावाच्या डॉक्टरचं व्याख्यान झालं. ते ऐकून गावातल्या बायका एलायझा थॉम्पसन यांच्या मागोमाग रस्त्यावर उतरल्या. गुत्त्यात शिरायचं, जमिनीवर गुडघे टेकायचे आणि मोठ्याने प्रार्थना म्हणायची. आत घेतलं नाही तर दाराबाहेर, बर्फात. पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडला या चळवळीची देशव्यापी संघटना झाली, आणि फ्रान्सिस विलर्ड अध्यक्ष झाल्यावर तिने बायकांच्या मताधिकाराचाही प्रश्न हातात घेतला. कॅन्ससमध्ये त्या राज्याच्या घटनेनेच दारूबंदी असताना गुत्ते उघडपणे चालू होते. तिथे कॅरी नेशन नावाच्या बाईंनी कुऱ्हाड घेऊन आरसे आणि बाटल्या फोडायचा सपाटा लावला. आपल्याकडे हातभट्टीवर चालून जाऊन मडकी फोडणाऱ्या बायकांच्या बातम्या वाचणाऱ्याला हे चित्र परकं वाटणार नाही.

पण कायदा ना प्रार्थनेने झाला ना कुऱ्हाडीने.

सायकलवरचा वकील

१८९३ मध्ये ओबर्लिन गावात अँटी-सलून लीग स्थापन झाली. नाव नीट वाचा. ‘दारूविरोधी’ नाही, ‘गुत्ताविरोधी’. ओबर्लिनच्याच कॉलेजातला एक विद्यार्थी लवकरच तिच्या कामाला लागला, वेन व्हीलर. शेतावर वाढलेला. लहानपणी एका झिंगलेल्या गड्याने गवत उचलायचा काटा त्याच्या पायात खुपसला होता. लीगसाठी तो सायकलवरून मतदारसंघ पालथे घालायचा, चर्चमध्ये बोलायचा. पुढे वकिली शिकला आणि लीगचाच वकील झाला.

व्हीलरचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण लोकशाहीत ते कुठेही लागू पडतं. बहुमत लागत नाही. दोन पक्षांत अटीतटीची लढत असेल तर मधली आठ-दहा टक्के मतं मुठीत असणं पुरे. लीग उमेदवाराला एकच विचारायची: दारूबंदीच्या बाजूने मत देणार का? हो म्हणाला की तो आपला. मग तो कुठल्या पक्षाचा आहे, बाकी काय करतो, रात्री घरी स्वतः काय पितो, याच्याशी लीगला देणंघेणं नाही. १९०५ मध्ये ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर मायरन हेरिक यांनी लीगच्या विधेयकाची धार बोथट केली, तेव्हा लीगने त्यांना पाडलं. पक्षाचे बाकीचे उमेदवार निवडून आले, एकटे हेरिक पडले. त्यानंतर आमदारांना वेगळं समजावून सांगायची गरज राहिली नाही.

डावपेच पायरीपायरीने होता. आधी गाव, मग तालुका, मग राज्य. गावाने मत देऊन आपले गुत्ते बंद करायचे. महाराष्ट्रात आज ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून जे मतदान होतं त्याचीच ही जुनी पाश्चात्य भावकी. आणि इथवर, माझ्या मते, लीगचं काम पक्क्या पायावर होतं. ज्या गावाने बाटली आडवी केली तिथे ती आडवी ठेवायला माणसंही होती. घोटाळा पुढे झाला, ज्या गावांनी असं मत कधी दिलंच नव्हतं त्यांच्यावर तो नियम घालताना.

तिजोरी आणि युद्ध

देशव्यापी बंदीच्या वाटेत मोठा धोंडा होता पैशाचा. आयकर येण्याआधी अमेरिकन केंद्र सरकारच्या उत्पन्नातला जवळजवळ तिसरा हिस्सा दारूवरच्या करातून यायचा. दारू बंद केली तर सैन्याचा पगार कुठून द्यायचा? १९१३ मध्ये १६व्या दुरुस्तीने आयकर आला आणि हा धोंडा बाजूला झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लीगचा मोर्चा घटनादुरुस्तीचा मसुदा घेऊन वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांवर पोचला. हा योगायोग नव्हता. १९१४ मध्ये प्रतिनिधिगृहात ठरावाला १९७ विरुद्ध १९० अशी मतं पडली. बहुमत मिळालं, दोन-तृतीयांश मिळालं नाही.

मग १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि बिअर हे एकाएकी शत्रूचं पेय झालं. पॅब्स्ट, श्लिट्झ, मिलर, बुश ही बिअरवाल्यांची नावं सगळी जर्मन. त्यांच्या पैशावर जर्मन-अमेरिकन संस्था चालत होत्या, तेही उघडकीला आणलं गेलं. शिवाय धान्य वाचवायचं होतं: सैनिकाला पाव हवा असताना बार्लीची बिअर कशाला? बिअरवाले आणि व्हिस्कीवाले इतकी वर्षं एकमेकांवर ढकलण्यात गुंतले होते. बिअर हे सौम्य, जवळजवळ पौष्टिक पेय, खरी बला व्हिस्की, असं बिअरवाले सांगत राहिले. दोघांनी मिळून लढायचं सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता.

डिसेंबर १९१७ मध्ये प्रतिनिधिगृहात २८२ विरुद्ध १२८ मतांनी ठराव मंजूर झाला. विरोधकांनी एक शक्कल लढवली होती. मंजुरीसाठी राज्यांना सात वर्षांची मुदत, तेवढ्यात छत्तीस राज्यं जमली नाहीत तर दुरुस्ती रद्द. घटनेच्या इतिहासात अशी मुदत पहिल्यांदाच घातली गेली. राज्यांना लागले ३९४ दिवस. १६ जानेवारी १९१९ रोजी नेब्रास्का हे छत्तिसावं राज्य ठरलं. शेवटी ४८ पैकी ४६ राज्यांनी मान्यता दिली. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड तेवढी बाहेर राहिली.

एका आकड्याची गोष्ट

आता तो ०.५.

दुरुस्तीच्या मजकुरात ‘मादक पेयांचं उत्पादन, विक्री आणि वाहतूक’ यांवर बंदी होती. पिण्यावर नव्हती, विकत घेण्यावरही नव्हती. आणि ‘मादक’ म्हणजे किती, हे घटनेत कुठेच लिहिलं नव्हतं. ते ठरवलं मिनेसोटाचे खासदार अँड्र्यू व्होलस्टेड यांच्या नावाने झालेल्या कायद्याने, ज्याच्या मसुद्यात व्हीलरचा मोठा हात होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन त्या ऑक्टोबरात पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या नावाने नकाराधिकार आला, आणि संसदेने तो झटपट मोडीत काढून २८ ऑक्टोबर १९१९ ला कायदा पक्का केला. त्यात मादक पेयाची व्याख्या होती: अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेलं काहीही.

अर्धा टक्का! बिअरमध्ये साधारण चार-पाच टक्के असतं. रोज संध्याकाळी घरी बिअरचा एक ग्लास घेणारा मिलवॉकीचा कामगार, जेवताना वाइन घेणारं इटालियन कुटुंब, यांना एका ओळीने गुन्ह्याच्या कडेला आणून ठेवलं. ज्यांनी दुरुस्तीला पाठिंबा दिला त्यांतल्या पुष्कळांना वाटलं होतं की गुत्ता जाईल, व्हिस्की जाईल, सौम्य बिअर राहील. लोकांनी मत दिलं होतं गुत्त्याविरुद्ध. हातात पडला ग्लासाविरुद्धचा कायदा. बंदीचं पुढे जे झालं त्याची मुळं मला कपोनच्या टोळीपेक्षा या एका आकड्यात जास्त दिसतात.

१७ जानेवारी १९२० पासून अंमल सुरू झाला. आदल्या दिवशी व्हर्जिनियात नॉरफोकला बिली संडे या प्रवचनकाराने दारूची प्रेतयात्रा काढली. हजारो लोक जमले होते.

सशाची बिळं

अंमल सुरू झाला तेव्हाच कायद्याला इतकी बिळं होती की ससाही गोंधळला असता.

पहिलं बीळ फळांचं. घरच्या घरी फळांचा रस आणि सायडर करायला मुभा होती, आणि व्यवहारात एका घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत कुणी विचारत नव्हतं. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. एवढा रस कुठलं घर पितं? कॅलिफोर्नियातले द्राक्षबागायतदार आधी रडले आणि मग त्यांची चांदी झाली. नाजूक, चवदार जाती उपटून त्यांनी जाड सालीची, गडद रंगाची अलिकांते बुशे लावली, कारण रेल्वेच्या वाघिणीतून न्यूयॉर्कपर्यंत ती न सडता पोचायची. मग आल्या द्राक्षांच्या सुकवून दाबलेल्या विटा. विटेसोबत सूचना असायची: पाण्यात विरघळवा, पण हे पाणी हंड्यात भरून वीस दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर त्याची वाइन होईल. इशाऱ्याच्या वेषात आलेली ही सबंध पाककृतीच! कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांची जी मोठी संस्था द्राक्षरसाचा हा धंदा करायची तिला सरकारचंच शेतीकर्ज होतं. आणि तिच्या वकील कोण? मेबल वॉकर विलेब्रँट, ज्या १९२९ पर्यंत केंद्र सरकारच्या न्यायखात्यात दारूबंदीचे खटले चालवत होत्या.

दुसरं बीळ डॉक्टरचं. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने १९१७ मध्ये ठराव केला होता की अल्कोहोलला औषध म्हणून किंमत नाही. बंदी आल्यावर १९२२ मध्ये डॉक्टरांना विचारलं तर ५१ टक्के म्हणाले, व्हिस्की औषध म्हणून गरजेची आहे. पाच वर्षांत वैद्यकशास्त्राने केवढी ही झेप घेतली! सरकारी छापाचं चिठ्ठीपुस्तक मिळायचं. रोग्याला दर दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर व्हिस्की. डॉक्टरची फी साधारण तीन डॉलर, औषधवाल्याचे वेगळे. यातली सगळ्यात प्रसिद्ध चिठ्ठी विन्स्टन चर्चिल यांची. डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कला रस्ता ओलांडताना त्यांना मोटारीने उडवलं. २६ जानेवारी १९३२ ची डॉक्टर ऑटो पिकहार्ट यांची चिठ्ठी म्हणते की अपघातानंतर प्रकृती सुधारण्यासाठी या गृहस्थांना मद्याची गरज आहे, विशेषतः जेवणाच्या वेळी. प्रमाण अर्थातच सांगता येत नाही, मात्र कमीतकमी २५० घनसेंटिमीटर. खाली सही. ‘कमीतकमी’ हा शब्द लिहिताना डॉक्टरांचा चेहरा कसा झाला असेल याची मला फार उत्सुकता आहे.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बराचसा कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी उडवली. प्रकृतीच्या कारणाने दारू पिण्याचं परमिट आलं. बंदी विरघळली तरी बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ हे शब्द राहिले. आत बसलेल्यांतल्या किती जणांच्या खिशात परमिट असतं ते विचारू नये.

अमेरिकेत तिसरं बीळ धर्माचं: प्रार्थनेच्या वाइनला सूट, म्हणून रातोरात नवे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू उगवले. आणि चौथं तर संसदेच्या इमारतीतच. जॉर्ज कॅसिडी नावाचा माणूस खासदारांना त्यांच्या कचेऱ्यांत दारू पोचवायचा. १९२५ मध्ये त्याला पकडलं, प्रतिनिधिगृहाच्या इमारतीत यायला बंदी केली. तो गेला सिनेटच्या इमारतीत. १९३० मध्ये पुन्हा पकडला गेल्यावर त्याने वर्तमानपत्रात लेखमाला लिहून सांगितलं की पाचांतले चार खासदार पितात. नावं दिली नाहीत. निवडणूक तोंडावर होती, तेवढं पुरलं.

पकडणारे

व्होलस्टेड कायदा राबवायला सुरुवातीला केंद्राकडे होते सुमारे दीड हजार एजंट. दोन महासागर, कॅनडाची सगळी सीमा, मेक्सिकोची सगळी सीमा, आणि दीड हजार माणसं. ही भरती नागरी सेवेच्या परीक्षेतून नव्हती, कारण व्हीलरला त्या जागा आपल्या बाजूच्या खासदारांना वाटायला हव्या होत्या. पगार तुटपुंजा, समोर रोज नोटांची गड्डी. पहिल्या सहा-सात वर्षांत दर बारा एजंटांमागे एकाला गैरवर्तनासाठी घरी पाठवावं लागलं. १९२७ मध्ये परीक्षा सक्तीची केली तेव्हा निम्म्याहून जास्त नापास झाले.

चांगली माणसंही होती. इझी आइन्स्टाइन हा न्यूयॉर्कच्या टपालखात्यातला कारकून, बुटका, गोल, पाच-सहा भाषा बोलणारा. पोलीस तो कुठल्याच बाजूने दिसायचा नाही, आणि तेच त्याचं हत्यार. मासेविक्या, व्हायोलिनवादक, कबर खणणारा अशी सोंगं घेऊन तो आत शिरायचा. त्याच्या जाकिटाच्या खिशात नरसाळं शिवलेलं असायचं, त्याला नळी, नळीच्या टोकाला अस्तरात लपवलेली बाटली. मागवलेला पेला तोंडाला लावल्यासारखा करून खिशात ओतायचा, पुरावा तयार. साथीदार मो स्मिथसोबत त्याने ४,९३२ जणांना पकडलं. कुठल्या शहरात दारू किती वेळात मिळते याची नोंदही तो ठेवायचा. न्यू ऑर्लिन्सला लागले ३५ सेकंद. स्टेशनबाहेर टॅक्सीत बसून त्याने विचारलं, इथे प्यायला कुठे मिळेल? चालकाने तिथेच बाटली पुढे केली. १९२५ च्या नोव्हेंबरात खात्याने इझी आणि मो दोघांनाही काढून टाकलं. सायबापेक्षा जास्त वेळा पेपरात नाव येणं कुठल्याही खात्यात धोक्याचंच.

राज्यांनी तर हात वर केले होते. मेरीलँडने आपला अंमलबजावणी कायदा कधी केलाच नाही. न्यूयॉर्कने केला आणि १९२३ मध्ये गव्हर्नर अल स्मिथ यांच्या सहीने रद्दही केला. डेट्रॉइटपाशी नदी मैलभरही रुंद नाही. पलीकडे कॅनडात निर्यातीसाठी दारू करणं कायदेशीर. छोट्या होडीवाल्याने कागदावर लिहायचं, ‘माल क्यूबाला’, आणि त्याच दिवशी रिकामी होडी घेऊन परत यायचं, पुन्हा क्यूबाला निघायला. हिवाळ्यात नदी गोठली की मोटारीच बर्फावरून जायच्या. न्यू जर्सीच्या समोर, किनाऱ्यापासून तीन मैलांची हद्द सोडून जहाजांची रांग नांगरून असायची, तरंगतं घाऊक मार्केटच. बिल मॅकॉय नावाच्या कप्तानाने सहा बाटल्या पेंढ्यात गुंडाळून गोणपाटात शिवायची पद्धत काढली. खोक्यापेक्षा जागा कमी, फुटायची भीती कमी. १९२४ च्या ब्रिटनबरोबरच्या करारानंतर ही हद्द जहाजाच्या तासाभराच्या अंतरापर्यंत, सुमारे बारा मैलांवर गेली. रांगही तितकीच मागे सरकली.

कपोनचं सांगून टाकतो. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत सात जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा दोष कपोनवर कधी शाबीत झाला नाही. त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली १९३१ मध्ये, आयकर चुकवल्याबद्दल. बेकायदा कमाईवरही कर भरावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सांगून ठेवलं होतं.

विष

हसू थांबतं ते इथे.

उद्योगांना लागणाऱ्या अल्कोहोलवर कर नसतो, आणि ते कुणी पिऊ नये म्हणून सरकार १९०६ पासून त्यात कडू आणि विषारी पदार्थ मिसळायला लावत होतं. बंदी आल्यावर टोळ्यांनी हेच अल्कोहोल पळवून, रसायनज्ञ नेमून ते ‘शुद्ध’ करायला सुरुवात केली. उत्तरादाखल सरकारने १९२६-२७ मध्ये मिथेनॉलचं प्रमाण वाढवलं. पिणारे आहेत हे माहीत असताना. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात साठाहून अधिक माणसं विषबाधेने आली, पाठोपाठ मृत्यू सुरू झाले. शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे सरकारलाच या मृत्यूंचं नैतिक उत्तर द्यायला सांगितलं, आणि मरणारे बहुतेक गरीब आहेत हेही सांगितलं. पैसेवाल्यांना स्कॉटलंडहून आलेली खरी मिळत होती. व्हीलरचं म्हणणं होतं की घटनेने मना केलेलं पेय पिण्यायोग्य करून द्यायला सरकार बांधील नाही, जो पितो तो जाणूनबुजून जीव देतो. १९२७ मध्ये व्हीलर वारला, आणि लीगला तसा दुसरा माणूस मिळाला नाही.

मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली तीही मिथेनॉलने. आकडे आणि देश बदलतात, पहिल्या धारेची म्हणून विकलेल्या त्या पिशवीत काय आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, ते तसंच राहतं.

१९३० मध्ये ‘जेक’ नावाचा आल्याचा अर्क पिऊन अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आणि मध्य-पश्चिमेतल्या राज्यांत हजारो माणसांचे पाय लुळे पडले. तपासणीत सापडू नये म्हणून बनवणाऱ्यांनी त्यात एक औद्योगिक रसायन घातलं होतं. पाय आपटत चालण्याच्या त्या ढबीवरून माणूस ओळखू यायचा, आणि लोक दया करायच्या ऐवजी हसायचे.

मग बंदी साफ फसली का? तसं म्हणणं खोटं ठरेल. सुरुवातीच्या वर्षांत दारूचा खप आधीच्या सुमारे ३० टक्क्यांवर आला असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. पुढे तो ६०-७० टक्क्यांपर्यंत चढला, तरी आधीएवढा झाला नाही. यकृत निकामी होऊन होणारे मृत्यूही आधीच्या दशकाच्या मानाने कमी होते. दारू महागली, आणि महाग वस्तू गरिबाला परवडत नाही, इतकं ते साधं आहे. मजुराच्या बायकोच्या हातात खरंच थोडे पैसे जास्त पडले असतील. पण त्याच मजुराला दिसत होतं की साहेबाच्या क्लबात सगळं मिळतं, आणि त्याच्या शेजारणीला चार बाटल्यांसाठी तुरुंग होतो. १९२९ च्या जोन्स कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. मिशिगनमध्ये तर चौथ्यांदा सापडलेल्या, दहा मुलांच्या एका आईला जन्मठेप सुनावली गेली.

उतार

व्हीलरचं गणित उलटं करून त्याच्यावर चालवलं एका श्रीमंत बाईने. पॉलिन सेबिन रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीत होत्या आणि आधी बंदीच्या बाजूच्या. आपल्या दोन मुलांसाठी दारू नसलेलं जग बरं, असं त्यांना वाटलं होतं. दिवसा बंदीच्या बाजूने मत देऊन संध्याकाळी त्यांच्याच पाहुणचारात पेला मागणारे पुढारी पाहून त्या विटल्या. संसदेच्या सुनावणीत बायकांच्या दारूविरोधी संघटनेच्या अध्यक्ष एला बूल यांनी मी अमेरिकेच्या स्त्रियांच्या वतीने बोलते आहे असं सांगितलं, तेव्हा सेबिन मनात म्हणाल्या, एका बाईच्या वतीने तरी नाही. मे १९२९ मध्ये त्यांनी बंदी उठवण्यासाठी बायकांची संघटना काढली. तीन-चार वर्षांत सभासद दहा लाखांवर. आईच्या नावाने आलेला कायदा आता आईच्या नावाने परत मागितला जात होता, आणि पुढाऱ्यांकडे याला उत्तर नव्हतं.

तरी १९३० मध्ये टेक्ससचे सिनेटर मॉरिस शेपर्ड, अठराव्या दुरुस्तीचे एक जनक, छातीठोकपणे म्हणाले की ही दुरुस्ती रद्द होण्याची शक्यता म्हणजे शेपटीला वॉशिंग्टनचा स्मृतिस्तंभ बांधून गुंजनपक्षी मंगळावर जाण्याइतकी. हिशेबाने ते बरोबर होते. तेरा राज्यं पुरेशी, आणि ग्रामीण, बंदीवाली राज्यं तेराहून जास्त होती.

त्यांचा हिशेब बिघडवला मंदीने. १९२९ नंतर लोकांचं उत्पन्नच आटलं, आणि उत्पन्नावरचा करही. ज्या आयकराच्या जिवावर दारूचा कर सोडला होता तो १९३३ पर्यंत निम्म्याहून खाली आला. बंदी उठवण्यासाठी पैसा ओतणारे पिएर द्यु पाँ आणि जॉन रास्कोब हे उद्योगपती आधीपासून सांगतच होते की बिअरवर कर लावा आणि आमचा आयकर कमी करा. आता बेकार मजूरही रोजगारासाठी तेच म्हणू लागला. जून १९३२ मध्ये तेलसम्राट रॉकफेलरच्या मुलाने, धाकट्या रॉकफेलरने, पत्र प्रसिद्ध केलं. स्वतः थेंबही न घेणारा, लीगला वर्षानुवर्षं देणग्या देणारा. त्यानेही लिहिलं की बंदी उठवावी. त्याच महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोत ते जाहीरनाम्यात घातलं, आणि नोव्हेंबरात रूझवेल्ट निवडून आले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये २१वी दुरुस्ती संसदेतून सुटली तेव्हा तीत एक बारीक कलम होतं: मंजुरी राज्यांच्या विधिमंडळांनी द्यायची नाही, तर त्यासाठी खास निवडलेल्या परिषदांनी द्यायची. विधिमंडळांत ग्रामीण मतदारसंघांचा वरचष्मा आणि लीगचा धाक. परिषदेला उभा राहणारा उमेदवार ‘उठवा’ किंवा ‘ठेवा’ एवढंच सांगायचा, म्हणजे हे जवळजवळ सार्वमत झालं. सुमारे ७३ टक्के मतं ‘उठवा’च्या बाजूने पडली. घटनादुरुस्तीसाठी हा मार्ग अमेरिकेने आजवर तेवढा एकदाच वापरला आहे. शेपर्डचा पक्षी उडाला तो या वाटेने.

पण दुरुस्ती मंजूर व्हायच्या आधीच बिअर आली होती, आणि ती कशी आली ते पाहण्यासारखं आहे. रूझवेल्टने २२ मार्चला एका साध्या कायद्यावर सही केली. घटनेला हात न लावता त्यात फक्त आकडा बदलला होता: वजनाने ३.२ टक्क्यांपर्यंतची बिअर मादक नाही. ७ एप्रिल १९३३ च्या मध्यरात्री सेंट लुइस आणि मिलवॉकीच्या भट्ट्यांच्या दारांत ट्रकांच्या रांगा आणि माणसांचा पूर लोटला. हाच आकडा व्होलस्टेडला १९१९ मध्येही लिहिता आला असता. लिहिला असता तर गुत्ता गेला असता, व्हिस्की गेली असती, आणि दुरुस्ती कदाचित अजून घटनेत असती.

५ डिसेंबर १९३३ ला पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोपाठोपाठ दारू वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन पंथाच्या युटा राज्याने मत दिलं, छत्तिसावं. दुसऱ्या दिवशी मेन राज्याचा क्रमांक होता, जिथे १८५१ मध्ये देशातला पहिला कडक राज्य-दारूबंदी कायदा झाला होता. बंदी उठल्याच्या घोषणेत रूझवेल्टने विनंती केली की कुठल्याही राज्याने जुना गुत्ता परत येऊ देऊ नये. बरीच राज्यं ते मनावर घेऊन बसली: उत्पादक, घाऊक विक्रेता आणि दुकानदार वेगळे असलेच पाहिजेत, हा नियम तेव्हाचा. बिअर कंपनीने गुत्तेवाल्याला आरसा बसवून द्यायचे दिवस संपले.

एकविसाव्या दुरुस्तीने राज्यांना आपापली बंदी ठेवायची मुभा दिली होती. कॅन्ससने ती १९४८ मध्ये सोडली, ओक्लाहोमाने १९५९ मध्ये. सगळ्यांत शेवटी मिसिसिपी. जानेवारी १९१८ मध्ये अठरावी दुरुस्ती मंजूर करणारं पहिलं राज्य हेच. तिथे बंदी १९६६ पर्यंत कायद्यात होती, आणि १९४४ पासून राज्याचं करखातं चोरट्या दारूवर दहा टक्के कर लावून तो रीतसर वसूल करत होतं. फेब्रुवारी १९६६ मध्ये राजधानी जॅक्सनच्या कंट्री क्लबात मोठी मेजवानी चालू असताना शेरिफच्या माणसांनी धाड घातली आणि दारूच्या पेट्या उचलल्या. पाहुण्यांत खुद्द गव्हर्नर होते. त्याच वर्षी विधिमंडळाने जिल्ह्या-जिल्ह्याने मत घेऊन दारू सुरू करायची परवानगी दिली.